गच्चीवरच्या जेवणावळीसाठी लांब होणारं सागवानी टेबल: कोल्हापुरात करून घेताना

घरात रोज जेवायला चौघं. पण आखाडात पाहुणे आले, कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायला घेतलं किंवा डिसेंबरच्या थंडीत तांबडा-पांढऱ्याचा बेत ठरला, की तीच माणसं दहा होतात. या दोन्ही वेळांना पुरेल असं, गरजेला लांब होणारं, उघड्यावर राहणारं लाकडी टेबल मिस्त्रीकडून कसं करून घ्यायचं, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी मुख्य मुद्दा. आपल्याकडे चांगलं सागवान उघड्यावर वर्षानुवर्षं टिकतं. अडतं ते सरकणाऱ्या भागांपाशी. जुलैच्या झडीत लाकूड फुगतं, पट्ट्या खाचेत घट्ट बसतात आणि नेमके पाहुणे दारात असताना टेबल उघडत नाही. एप्रिलच्या उन्हात तेच लाकूड आक्रसतं आणि सांधे खिळखिळे होतात. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घ्यायचा: लाकूड फुगलं-आटलं तरी हे टेबल अडखळता कामा नये.

जागा आणि माणसं

मापाची सुरुवात ताटापासून करा. जेवणाचं ताट साधारण १२ इंच व्यासाचं असतं. समोरासमोर दोन ताटं आणि मधे रश्श्याची पातेली, भाकरीची टोपली, कांदा-लिंबाची ताटली असं सगळं मावायचं तर रुंदी ३ फूट हवी. अडीच फुटांत पातेली ताटांवर चढतात. साडेतीन फूट केलं तर समोरच्याला वाढताना उठावं लागतं.

लांबीचा हिशेब माणशी २ फूट. बंद टेबल ६ फुटांचं ठेवलं की सहा माणसं ऐसपैस बसतात. मधे २ फुटांचा जोडफळा टाकला की ८ फूट होतं आणि दोन्ही टोकं धरून दहा जण बसतात. जमिनीपासून उंची ३० इंच, खुर्चीची बैठक साडेसतरा-अठरा इंच. टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीपासून जमिनीपर्यंत २४ इंच मोकळे राहतात का, ते मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. दिसायला छान म्हणून ही पट्टी रुंद केली की मांड्या अडकतात.

आता गच्चीवर खडूने ८ फूट × ३ फूट आखा आणि चारही बाजूंनी अडीच-तीन फूट सोडा. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि वाढणाऱ्याला मागून फिरायला एवढी जागा लागतेच. म्हणजे १३-१४ फूट × ८-९ फूट मोकळी जागा हवी. पाण्याची टाकी, सोलर आणि कपड्यांच्या दोऱ्या वगळून तेवढी उरते का ते बघा. उरत नसेल तर बंद टेबल ५ फुटांचं करा, पण चालण्याची वाट कमी करू नका.

जिनाही मोजा. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि वळणाचे असतात, जोडलेलं टेबल तिथून वर जात नाही. त्यामुळे पाय बोल्टवर सुटे होतील अशीच रचना मागा. नदीकाठच्या भागातल्यांना तर हे हवंच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या अंगणात पाणी आलं त्यांना वेगळं सांगायला नको: जे सामान दोन माणसांना सुटं करून माडीवर नेता येतं, तेच वाचतं.

लांब कसं व्हायचं

टेबल लांब करण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत कडेला बिजागरीवर लोंबणारा फळा असतो आणि तो उचलून खाली टेकू देतात. ही सगळ्यात स्वस्त पडते, पण उघड्यावर सगळा भार बिजागऱ्यांवर येतो आणि वाऱ्याने फळा आपटत राहतो. दुसरीत दोन्ही टोकांचे फळे वरच्या टॉपच्या पोटातून बाहेर ओढायचे. ही सुंदर आणि जुनी रचना आहे, पण दोन थर एकमेकांवर घासत असल्याने पावसात फुगल्यावर तीच आधी अडते. तिसरी, मधून उघडून दुमडलेलं फुलपाखरासारखं पान वर येण्याची. दुकानातली बरीच टेबलं अशी असतात. त्यात बिजागऱ्या आणि लोखंडी यंत्रणा फार, म्हणून ती घरातच बरी.

चौथी पद्धत मी निवडतो: चौकट आणि पाय जागेवरच राहतात, वरच्या टॉपचे दोन अर्धे भाग बाहेर सरकतात आणि मधल्या फटीत सुटा जोडफळा बसतो.

यातही दोन उपप्रकार आहेत. काही टेबलांत पायसुद्धा अर्ध्या टॉपबरोबर सरकतात. गच्चीसाठी ते टाळा. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. सरकणारे पाय फरशीच्या सांध्यांत अडखळतात, एक पाय अधांतरी राहतो आणि टेबल डुगडुगतं. पाय स्थिर असले की टेबल एकदाच समतल करून ठेवता येतं.

जोडफळा कुठे ठेवायचा, हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. तो घरात कपाटामागे ठेवला तर दोन वर्षांत त्याचा रंग वेगळा आणि टॉपचा वेगळा होतो, कारण टॉपने ऊन खाल्लेलं असतं आणि फळ्याने नाही. शिवाय पावसाळ्यात बाहेरचं टॉप फुगलेलं आणि घरातला फळा कोरडा, त्यामुळे कडा जुळत नाहीत. फळा टेबलाच्या पोटातच राहिला पाहिजे. किमान हवा तरी दोघांना सारखीच मिळते. रंगातला फरक मग थोडाच राहतो, आणि वर्षातून काही वेळा फळा वापरात आला की तोही कमी होतो.

लाकूड किती फुगतं

सागवानातला ओलावा १ टक्क्याने वाढला तर आडव्या चिरलेल्या फळीची रुंदी जवळपास ०.२ टक्क्याने वाढते. लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात जाताना उघड्यावरच्या लाकडाचा ओलावा ७-८ टक्क्यांनी सहज बदलतो. आता गुणाकार करा. ३ फूट रुंदीचा अखंड जोडलेला टॉप सव्वा सेंटीमीटरच्या आसपास फुगेल. खालच्या चौकटीला तो घट्ट स्क्रूने आवळला असेल तर एक तर टॉप वाकेल, नाही तर चौकटीचा सांधा फुटेल.

त्याऐवजी टॉप सुट्या पट्ट्यांचा करा. प्रत्येक पट्टी ३ इंच ३ सूत रुंद (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन पट्ट्यांत २ सुताची फट. अशा १० पट्ट्या आणि ९ फटी मिळून बरोबर ३ फूट होतात. पट्टी कितीही भिजली तरी अर्ध्या सुतापेक्षा जास्त फुगत नाही, आणि ते फुगणं शेजारच्या फटीत जिरून जातं. टेबलाची एकूण रुंदी वर्षभर तीच राहते. वर पडलेलं पावसाचं पाणीही खाली निघून जातं.

फटीतून सांडतं, अशी तक्रार येईल आणि ती खरी आहे. तांबड्या रश्श्याची वाटी कलंडली तर थोडा रस्सा मांडीवर येणारच. पण अखंड टॉप हवा असेल तर टेबल पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपराखाली ठेवायची तयारी हवी. उघड्या गच्चीवर अखंड टॉप मी कुणालाही सुचवणार नाही.

लाकूड निवडताना

पहिली पसंती सागवानच. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्याने ते फार हलत नाही. पण सागवान म्हणून जे मिळतं ते सगळं सारखं नसतं. खोडाच्या आतला सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागणारा आणि कातड्यासारखा वास येणारा भाग म्हणजे पक्कं लाकूड. कडेचा पांढुरका भाग कच्चा. तो बाहेर टिकत नाही, त्याला कीड लागते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त असतो. वखारीत फळी उलटून दोन्ही बाजू आणि दोन्ही टोकं बघा. पांढरा पट्टा दिसला तर तो कापून टाकूनच माप धरायला सांगा. दांडेलीचं, बल्लारशाचं, आयात केलेलं अशी नावं सांगितली जातील. नावापेक्षा समोरची फळी बघून ठरवा.

माझ्या मते आपल्या शहरात याहून चांगला पर्याय आहे तो जुन्या लाकडाचा. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, कड्या, दारांच्या चौकटी विकायला येतात. दशकानुदशकं वाळलेलं हे लाकूड जे काही हलायचं ते हलून बसलेलं असतं. टेबलाच्या पायांना आणि सरकपट्ट्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र त्यात तुटलेले खिळे दडलेले असतात. करवतीवर चढवण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून ताकदीचं लोहचुंबक फिरवा आणि सापडलेले खिळे काढा, नाही तर कटाईवाला ब्लेडचे पैसे मागेल आणि ते योग्यच असेल. तुळईची टोकं भिंतीत असायची, तिथे ओल लागून लाकूड कुजलेलं असू शकतं. पटाशीचं टोक दाबून बघा. मऊ लागलं तर तेवढा भाग सोडा.

सागवान परवडत नसेल तर फणस विचारात घ्या. पन्हाळा-शाहूवाडीपासून कोकणापर्यंत तो घरोघरी असतो. पिवळसर, टिकाऊ लाकूड, पुढे तपकिरी होतं. बाभूळ कणखर आहे, पण वजनदार, आणि वाळताना चिरा पडतात. जांभूळ पाण्याला दाद देत नाही, मात्र नीट वाळलेलं नसेल तर वाकतं. आंबा, रबरवुड आणि पाइन बाहेर ठेवू नका. प्लायवूड, अगदी मरीन लिहिलेलंसुद्धा, उघड्या कडांनी पाणी पितंच. एमडीएफचा तर विचारच नको.

शेताच्या बांधावरचा स्वतःचा साग तोडायचा म्हटलं तरी परवानगी लागते. महाराष्ट्रात यासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. वाहतुकीच्या पासाची चौकशीही आधीच वनखात्याकडे करून घ्या. आणि ओलं लाकूड लगेच वापरायचं नाही. सावलीत, हवेशीर थप्पीत वाळवायचं तर इंचभर जाडीला वर्ष असा जुना ठोकताळा आहे.

लाकूड वाळलंय का हे बोट लावून कळत नाही. दोन सुया टोचून ओलावा दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो वखारीत बरोबर न्या. फळीच्या मधोमध १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. १८-२० दिसला तर ती फळी थांबवा. म्हणून लाकूड दिवाळीनंतर घ्या, काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. भर पावसाळ्यात केलेलं टेबल पुढच्या एप्रिलमध्ये सांध्यांत उघडतं.

लाकूड किती लागेल

६ फुटांचं बंद आणि ८ फुटांचं उघडं होणाऱ्या या टेबलाचा हिशेब असा. १ इंच जाडीच्या पट्ट्या पावणेदोन-दोन घनफूट. ३ × ३ इंचांचे चार पाय मिळून अर्ध्या घनफुटाहून थोडं जास्त. उरलेलं चौकट, सरकपट्ट्या आणि आधारपट्ट्या. सगळं मिळून तयार लाकूड साडेतीन घनफुटांच्या आसपास. पण रंधा मारून १ इंच उरायला सव्वा इंचाची फळी लागते, गाठी आणि पांढरा भाग कापला जातो, म्हणून खरेदी ५ ते साडेपाच घनफुटांची धरा. वखारीत बिल कच्च्या मापावर होतं. कापून उरलेले तुकडे कुणाचे, पॉलिश मजुरीत आहे की वेगळं, हे आधीच वहीत लिहून घ्या.

तयार टेबलाचं वजन ६५-७० किलो होईल. वळवाच्या वाऱ्यात ते उडत नाही, ही जमेची बाजू.

चौकट आणि सरकपट्ट्या

खालची चौकट ५ फूट × २ फूट ९ इंच. पायांना जोडणाऱ्या आडपट्ट्या ४ इंच रुंद, १ इंच जाड. म्हणजे बंद असताना टॉप दोन्ही टोकांना ६ इंच बाहेर येतो, उघडल्यावर दीड फूट. दीड फुटाहून जास्त बाहेर काढायचा मोह टाळा. आत्ताच्या मापात टोकावर चुकून एक माणूस बसला तर टेबल सावरतं, दोघं बसले तर उलटेल. मुलांना हे सांगून ठेवा.

आडपट्टी पायाला नुसती स्क्रूने ठोकू देऊ नका. पट्टीच्या टोकाची जीभ पायात कोरलेल्या खाचेत बसली पाहिजे. जुन्या मिस्त्रींचा हात यात बसलेला असतो, नवीन मुलं मशीनने करतात. दोन्ही चालतं. पाय सुटे व्हायला हवेत म्हणून लांब आडपट्ट्या बोल्टने आवळायच्या आणि छोट्या बाजूंचे पाय कायमचे जोडायचे. मग टेबल सुटं केल्यावर दोन पायांची दोन दारं, दोन लांब पट्ट्या आणि वरचे तीन भाग एवढंच उरतं.

आता सरकणारा भाग. इथे मिस्त्रीजवळ बसून कागदावर चित्र काढा.

चौकटीच्या आत, दोन्ही लांब बाजूंना, पाऊण इंच जाडीची एक पट्टी पक्की बसवायची. तिच्या दोन्ही अंगांना पुढे आलेली जीभ ठेवायची. या स्थिर पट्टीच्या एका अंगाला डाव्या अर्ध्या टॉपची सरकपट्टी धावेल, दुसऱ्या अंगाला उजव्याची. सरकपट्टी १ इंच जाड, २ इंच उंच, आणि तिच्या अंगात जिभेसाठी खाच. जीभ खाचेत असल्यामुळे टोकावर कोणी रेललं तरी मागची बाजू वर उचलली जात नाही. सरकपट्टी अर्ध्या टॉपपेक्षा फूटभर लांब ठेवून ती शेपूट मधल्या रेषेपलीकडे जाऊ द्यायची. छोट्या बाजूंच्या आडपट्टीत तिच्यासाठी वरून खाच पाडायची, म्हणजे बाहेर आलेल्या टॉपला शेवटपर्यंत आधार मिळतो.

सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे मोकळीक. मिस्त्री हौसेने घट्ट बसवतो, कारण घट्ट काम म्हणजे चांगलं काम ही त्याची सवय. घरातल्या ड्रॉवरला ते शोभतं. इथे मात्र जीभ आणि खाच यांत एकूण एक सूत मोकळं हवंच. इंचभर लाकूड पावसात अर्धा मिलिमीटरही फुगत नाही, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जास्त. तेवढी जागा असली की झडीतही टेबल उघडतं. हलल्यासारखं वाटू नये म्हणून घासणाऱ्या जागी एचडीपीईची पातळ पट्टी लावा. भाजी चिरायचे पांढरे बोर्ड याच प्लास्टिकचे असतात. ते पाणी पीत नाही आणि त्यावर लाकूड हलकं सरकतं. वंगण म्हणून ग्रीस नको, धूळ धरतं. जुनी मेणबत्ती घासली की पुरे.

सरकपट्टीच्या शेवटी अडसर म्हणून एक बोल्ट हवा, म्हणजे ओढताना अर्धा टॉप निसटून पायावर पडणार नाही.

जोडफळा २ × ३ फुटांचा. तो आडवा फिरवून, ३ फुटांची बाजू टेबलाच्या लांबीकडे ठेवून, दोन्ही सरकपट्ट्यांच्या मधल्या जागेत बसतो. खाली दोन आडव्या पट्ट्यांची घडवंची केली की झालं. टॉपचे भाग पूर्ण उघडले की फळा सहा इंच एका बाजूला सरकवायचा, दुसरं टोक मोकळं होतं, उचलायचं, फिरवायचं आणि फटीत टाकायचं. वजन दहा किलोच्या आत-बाहेर, एक माणूस सहज करतो. आत बसवलेल्या फळ्याच्या दोन्ही कुशींना तीन-तीन सूत तरी जागा राहिली पाहिजे.

पट्ट्या आधारपट्ट्यांवर बसवताना प्रत्येक छेदावर एकच स्क्रू, तोही पट्टीच्या मधोमध. दोन कडांना दोन स्क्रू मारले की फुगण्याला वाव राहत नाही आणि पट्टी मधून चिरते. लांब पट्ट्या आधी अखंड ८ फुटांच्या घेऊन, मग एका रेषेत तीन तुकडे करून तिन्ही भागांत क्रमाने बसवल्या तर रेषा आणि नसा टोकापासून टोकापर्यंत सलग दिसतात. तुकड्यांच्या मागे पेन्सिलीने आकडे घालायला सांगा. तीन भाग एका पातळीत राहावेत म्हणून कडांना १० मिलिमीटरच्या पितळी खुंट्या, समोरची भोकं ११ मिलिमीटरची, आणि खालून दोन कड्या.

स्क्रू, बोल्ट आणि गोंद

साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागवानावर काळे डाग पडतात. लाकडातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज एकत्र आले की ते होणारच. बाभळीत तर जास्तच. म्हणून ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरा. ३१६ ची गरज समुद्राकाठी, आपल्याला नाही. बाजारात २०२ दर्जाचा माल ३०४ म्हणून खपवला जातो, आणि लोहचुंबकाने तो फरक कळत नाही, कारण दोन्ही चुंबकाला फारसे चिकटत नाहीत. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायची चाचणी असते, ती स्टीलवाल्याकडे करून मागा. शिवाजी उद्यमनगरात बोल्ट, अडसर, पायाखालचे लेव्हलर हवे त्या मापात करून मिळतात. लेथ आणि फॅब्रिकेशनची एवढी वर्कशॉप्स हाताशी असताना तयार यंत्रणा बाहेरून मागवायचं कारण नाही.

सागवानाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. जोडायच्या जागा अ‍ॅसिटोनने पुसून घ्यायच्या आणि लगेच इपॉक्सी लावायचा.

पायांची खालची टोकं हा टेबलाचा सगळ्यात नाजूक भाग. लाकूड टोकातून पाणी शोषतं. तिथे पातळ इपॉक्सी दोनदा मुरवा आणि खाली नायलॉनच्या टाचेचा लेव्हलर बसवा, म्हणजे लाकूड फरशीपासून अर्धा इंच वर राहील आणि उतारावर टेबल समतलही करता येईल. अंगणात मातीवर टेबल ठेवायचं तर प्रत्येक पायाखाली दगडी फरशी हवी. गच्चीला टेबल जखडायला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग जातं.

भिजवून बघणं

सगळं जोडून झालं की तेल लावायच्या आधी एक परीक्षा घ्या. संध्याकाळी टेबलावर आणि सरकपट्ट्यांवर बादलीभर पाणी ओता, ओली पोती टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी एकट्याने उघडून बघा. अडलं तर मिस्त्री अजून समोर आहे, जिथे घासलंय तिथे रंधा फिरवेल. पाण्याने उभे राहिलेले लाकडाचे तंतू वाळल्यावर १५० आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने घासून घ्या. नंतर तेल चढतं तेही एकसारखं.

तेल की पॉलिश

पीयू, मेलामाईन, वॉर्निश हे सगळे लाकडावर थर चढवतात. दुकानात चमकतात. उघड्यावर मात्र लाकूड खाली फुगतं-आटतं, उन्हाने थर कडक होतो, बारीक चिरा पडतात आणि पाणी आत शिरून पांढरे-काळे डाग धरतात. मग सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात. बाहेरच्या टेबलाला आत मुरणारं तेल लावा. साधं जवसाचं तेल पावसाळ्यात बुरशीला खाद्य ठरतं, म्हणून बुरशीरोधक घटक असलेलं बाहेरच्या लाकडाचं तेल घ्या, आणि वाळल्यावर जेवणाच्या टेबलाला चालतं का हे डब्यावर वाचा. पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन हात.

तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा आणि मगच टाका.

तेल अजिबात लावलं नाही तरी पक्कं सागवान खराब होत नाही, दोन उन्हाळ्यांत राखाडी-चंदेरी होतं. कित्येकांना तो रंग आवडतो. मलाही आवडतो, पण रश्श्याच्या डागांपासून तेल जे संरक्षण देतं ते मोलाचं आहे.

डाग, पाऊस आणि वर्षभराची काळजी

हळदीच्या डागाची काळजी करू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-चार दिवस ऊन मिळालं की फिका पडतो. कट आणि तर्रीचं तेल मात्र लगेच धरतं. सांडल्याबरोबर टिपून घ्यायचं, वर मैदा किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची, अर्ध्या तासाने झटकून कोमट साबणपाण्याने नसांच्या दिशेने घासायचं. तारेची घासणी वापरू नका, तिचे लोखंडी कण लाकडात अडकून काळे ठिपके उमटवतात. ते पडलेच तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतात. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. जोरदार फवाऱ्याचं मशीन नको, ते मऊ तंतू उडवून लाकूड खडबडीत करतं. गरम पातेल्याखाली आडणी ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक सोपं आहे. होळीच्या सुमारास धुऊन, २२० ने हलकं घासून तेलाचा एक हात. मेच्या शेवटी, मृग लागण्याआधी, फक्त टोकांना, खालच्या बाजूला आणि पायांना दुसरा हात. टॉपची खालची बाजू कायम विसरली जाते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. दसऱ्याच्या आधी बोल्ट एकदा आवळून घ्या, सरकपट्ट्यांवर मेणबत्ती फिरवा आणि टेबल पूर्ण उघडून पोटातली पानं-माती झाडा.

पावसाळ्यात शक्य असेल तर टेबल छपराखाली न्या. नसेल तर ताडपत्रीने घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडून बुरशी येते. टॉपच्या मधोमध एक वासा आडवा ठेवून त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडा, खाली वीतभर मोकळं ठेवा आणि कडा दोरीने पायांना बांधा. गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला, जिथे पाऊस शहराच्या कित्येक पट पडतो, तिथे छप्पर हाच उपाय. पावसाळ्यात महिन्यातून एकदा टेबल उघडून-मिटून बघा. जड लागलं तर ताकद लावू नका, कोरड्या दिवसाची वाट बघा.

एखादी पट्टी चिरली किंवा जळाली तर पूर्ण टॉप बदलावा लागत नाही. तीन-चार स्क्रू काढून तेवढीच पट्टी बदलता येते. म्हणून काम चालू असतानाच त्याच फळीतल्या, ३ फुटांच्या दोन पट्ट्या जास्तीच्या कापून घ्या, त्यांना भोकं पाडून, टेबलाबरोबरच तेल लावून जोडफळ्याच्या घडवंचीवर ठेवून द्या.